ज्योतीरामचे बोर्ड

…आणि ते अक्षर अजून पुसलं गेलं नव्हतं. भिंगाखाली बोर्ड सरकवला तशी आधी ती आठ पायांची चीप दिसली, तुरीच्या डाळीएवढी, आणि तिच्या शेजारी हिरव्या मार्करनं घाईघाईत काढलेलं 'ज्यो'—काना बाहेर पळालेला, मात्रा अर्धी. सहा वर्षं हा बोर्ड कुठल्यातरी चार्जिंगच्या खांबात उन्हापावसात उभा होता, कडांना माती चिकटली होती, एक रिले जळून काळा पडला होता, पण अक्षर ठणठणीत. नको ते बरं टिकतं, असं सादिकाला वाटलं आणि तिनं वायर जोडली.

पडद्यावर ओळी उमटल्या. प्रकार: ४६०८. आणि त्याच्या खाली, नेहमीप्रमाणे: ज्योतीराम, १८ धरला. मग बोर्ड मुकाट्यानं पुढच्या कामाला लागला.

वीज आली की बोर्डावर सगळ्यात आधी उठतो तो बूटलोडर, एक छोटासा प्रोग्रॅम. घरात सगळ्यांच्या आधी उठून चहा ठेवणाऱ्या बाईसारखं त्याचं काम—कुणाच्या लक्षात येत नाही, पण तो नाही उठला तर सगळं घर झोपलेलं. हा उठतो, आणि आपण नक्की कोणत्या बोर्डावर आहोत हे त्याला माहीतच नसतं, म्हणून तो त्या आठ पायांच्या चीपपाशी, ईईप्रॉमपाशी जातो आणि विचारतो, बाई गं, मी कोण? चीपमध्ये लिहिलेलं असतं, तू अमुक प्रकारचा, तुझा नंबर तमुक. त्यावर विश्वास ठेवायचा आणि त्या प्रकाराला लागणारा प्रोग्रॅम चढवायचा. पडताळायला दुसरं कुणी नाही. चीप म्हणाली अठरा, तर अठरा. सादिका साडेसहा वर्षं हाच कोड सांभाळत होती, आणि चाकणच्या त्या कंपनीत बूटलोडर म्हटलं की तिच्याकडंच बोट जायचं.

"मॅडम, खरं सांगू?" शेखर खुर्ची ओढत म्हणाला. तीन महिन्यांपूर्वी हिंजवडीची नोकरी सोडून तो इकडं आला होता, मारुंजीला राहायचा, कामाला वाघ आणि तोंडानं फाटका. "कोडमधलं हे 'ज्योतीराम' मी आधी शॉर्टफॉर्म समजलो. जे म्हणजे जंपर, वाय म्हणजे अमुक… अर्धा तास बसलो की राव जुळवत!"

"माणसाचं नाव आहे," ती म्हणाली.

"कळलं नंतर, कॅन्टीनमध्ये सांगितलं सगळ्यांनी. लय भारी किस्सा. पण सोमवारी ग्राहकाकडची माणसं कोड बघायला येतायत, त्यात कुणाचं नाव बरं दिसत नाही. बस सुटायच्या आधी नवीन नाव सांगा, मी सगळीकडं बदलून टाकतो. आणि त्यांना द्यायच्या फॉर्ममध्ये, ह्या ओळी का टाकल्या त्या कारणाच्या रकान्यात जुनंच ठेवतो, 'ऑपरेटरची चूक'. चालेल ना?"

"बघते," ती म्हणाली. 'बघते' हा मोठा सोयीचा शब्द आहे. तो हो नसतो, नाही नसतो, आणि ऐकणारा आपला तो हो धरून निघून जातो.

शेखर निघून गेला. आणि आधी तिला हायसं वाटलं—खोटं कशाला बोला, हायसंच वाटलं. आयती सोय झाली होती. नाव जाईल, त्याच्या जागी काहीतरी 'उलटे अंक' वगैरे येईल, फॉर्मवर ग्राहकाची सही होईल आणि मग जन्मात कुणी विचारणार नाही. मग लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, पण हायसं वाटणं आधी आलं होतं, हे काही खोडता येईना.

कंपनीत आता ज्योतीराम हा माणूस राहिलाच नव्हता. तो शब्द झाला होता. एक्सेलची शीट बिघडली की ज्योतीराम झाला. पोराच्या ॲडमिशनचा घोळ झाला, ज्योतीराम झाला. चहात मीठ पडलं तेव्हा कॅन्टीनवाल्यालाही सगळे म्हणाले, काय हे, ज्योतीराम केलास की! बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्याला बघितलंही नव्हतं. आणि सादिका? गेल्या वर्षी एका मीटिंगमध्ये तिचा प्रोजेक्टर चालेना, सगळे ताटकळले, तेव्हा ती स्वतःच म्हणाली होती, "सॉरी हं, ज्योतीराम झाला." सगळे हसले होते. तीही हसली होती. शब्द तोंडातून जाताना जीभ कुठं अडखळली नाही, काही नाही… त्या रात्री जेवण गेलं नव्हतं, पण ते रात्री. मीटिंगमध्ये ती व्यवस्थित हसली होती.

चूक अगदी साधी होती. चीपमध्ये प्रकाराचा आकडा दोन तुकड्यांत लिहावा लागतो, आधी एक तुकडा, मग दुसरा. तुकडे उलटे लिहिले की मशीनच्या हिशेबात अठराचे चार हजार सहाशे आठ होतात. नोकरीला लागून चार महिने झालेल्या सादिकानं खालच्या उत्पादनाच्या लाईनसाठी ही आकड्यांची फाईल बनवली, पेन ड्राइव्हवर घातली, खाली नेऊन दिली. तुकडे तिनं उलटे घातले होते. खाली लाईनवर ज्योतीराम होता—साच्यात बोर्ड ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, हिरवा दिवा लागला की बोर्ड 'लिहिला'. लाईनवर त्या कामाला लिहिणंच म्हणतात. त्यानं दोन दिवसांत सहाशे चाळीस बोर्ड लिहिले, एकही न चुकता, आणि त्यातला एकही चालू होईना.

मग ती मीटिंग. प्लांटचे दौलतराव साहेब टेबलाच्या टोकाला, तोंड लाल झालेलं. इंजिनियर लोक बसलेले, लाईनची माणसं दाराशी उभी, कारण लाईनच्या माणसांनी त्या खोलीत बसायची पद्धत नव्हती. सादिकाला तोवर कळलं होतं. सकाळीच तिनं फाईल उघडून बघितली होती, आणि ते ठाऊक असूनच ती बसली होती. दौलतरावांनी एक बोर्ड उचलून टेबलावर आपटला.

"कुणी लिहिलं हे?"

तिनं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, ओठ सुटे झाल्याचं तिला अजून आठवतं, 'मी'मधला म जुळायलाच आला होता—आणि दाराकडून आवाज आला, "मी लिहिलं साहेब."

ज्योतीरामनं टोपी हातात धरली होती. विचारलं तेवढ्याचं उत्तर त्यानं दिलं होतं. बोर्ड त्यानंच लिहिले होते की. आणि सादिकाला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या खोलीत त्या दिवशी कुणीच खोटं बोललं नाही, हे तिनं पुढं कितीतरी वेळा स्वतःला सांगून पाहिलं… मी काही खोटं बोलले नाही. मी फक्त तोंड मिटलं. उघडलेलं तोंड मिटायला कितीसा वेळ लागतो?

संध्याकाळपर्यंत तिनं नवी फाईल खाली पाठवली, जुनी पुसली, आणि बूटलोडरमध्ये दोन ओळी टाकल्या: चीपनं ४६०८ म्हटलं तर १८ धर. बोर्ड जिवंत झाले. कुणीतरी मार्कर घेऊन सगळ्यांवर 'ज्यो' काढला, कुणीतरी म्हणालं कोडमध्येपण तेच नाव दे, ओळखायला बरं, आणि तिनं दिलं. महिनाअखेर ज्योतीरामचा करार पुढं वाढला नाही. गेटवर पास जमा करताना तो तिला भेटला, आणि ओशाळून म्हणाला, "मॅडम, तुमी बोर्ड वाचिवलं म्हणं. लय उपकार झाले. न्हाईतर माझ्या डोक्यावर केवढं पाप राह्यलं असतं."

त्यावर ती काय म्हणाली होती? आठवत नाही. 'असू दे' म्हणाली असावी. त्या वर्षी तिला सहाशे चाळीस बोर्ड वाचवल्याबद्दल प्रशस्तिपत्रक मिळालं, आणि अब्बांनी, म्हणजे कासारवाडीच्या चांदभाई स्पेअर पार्ट्सवाल्यांनी, ते फ्रेम करून दुकानात गल्ल्याच्या वर लावलं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दाखवायचे, "आमची सादिका. मेलेले बोर्ड उठवले तिनं." करून सवरून नामानिराळं कसं राहावं, ते माझ्याकडून शिकावं, असं सादिकाच्या मनात यायचं.

त्या वेळी आपण घाबरलो का, याचं एक उत्तर तिच्याकडं तयार होतं. नवी मुलगी, अख्ख्या मजल्यावर एकटी मुसलमान, चूक झाली तर नुसती सादिकाची चूक राहील का, 'ह्यांची' होईल, असं तिला वाटलं होतं. ते खरं होतं. आणि सोयीचंही होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे कळायला तिला बरीच वर्षं लागली.

दुपारी डबा खाताना लाईनवरची कस्तुरा येऊन बसली. कस्तुरा इथलीच, जुन्या गावातली, बोर्ड तपासायच्या टेबलावर दहा वर्षं. तिनं ठेच्याचा डबा पुढं सरकवला आणि म्हणाली, "मॅडम, त्यो ज्योतीराम आला व्हता बरं का गेल्या म्हयन्यात. गेटवर."

"कोण?" सादिकानं विचारलं, ऐकू आलं असूनही.

"आपला ज्योतीराम वो. ठेकेदारानं धाडला व्हता, नवी भरती हाय म्हणून. वाचमननं नाव इचारलं, ह्यानं सांगितलं, तर तिथं हुबी व्हती ती समदी फिदीफिदी हसाया लागली. ह्याला काय ठावं का हसत्यात! त्यो बी आपला हसला त्यांच्यासंगं. मग आतून निरोप आला, ह्याला नगं."

"मग?"

"मग काय. गेला. म्हाळुंग्याला कुठं गोदामात माल उचलतोय म्हनं." कस्तुरानं भाकरीचा तुकडा मोडला. "हात किती साफ त्याचा, मॅडम. माझ्या टेबलावर त्याचा एक बोर्ड कधी परत गेला न्हाई. म्या तवाच म्हनलं व्हतं, ह्या मानसाकडनं सहाशे बोर्ड चुकत्यात व्हय? पन आमाला कोन इचारतंय."

सादिकानं मान हलवली. तोही हसला त्यांच्याबरोबर… इतक्या वर्षांत तिनं त्याला कितीदा तरी मनात उभं केलं होतं, कधी रागावलेला, कधी शिव्या देणारा, आणि त्या रागावलेल्याशी ती बरं भांडू शकायची, तूच म्हणालास ना मी लिहिलं! पण आपल्याच नावावर लोकांबरोबर हसणारा माणूस, आणि आपण कशावर हसतोय हे त्याला ठाऊक नाही… ह्याच्याशी काय भांडणार? आणि ही काही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट नव्हती. ही गेल्या महिन्यातली होती. ती वर एसीत बसून कोड लिहीत असताना खाली गेटवर घडलेली.

दुपारभर तिनं काम केलं. जळका रिले बदलायला पाठवला, दोन मेलना उत्तरं दिली. मधेच तो कोड उघडला. कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणारा रकाना डाव्या हाताला होता, आणि त्या दोन ओळींसमोर तिचंच नाव होतं. ते वाचून कुणाला काय कळणार? वाचवणारीचं नाव. उलट्या फाईलवर कुणाचंच नाव नव्हतं, कारण ती फाईल नव्हतीच कुठं.

सांगितलं तर काय होईल, याचा तिनं शांतपणे हिशेब मांडला. डिसेंबरात टीम लीडचं ठरायचं होतं, ते कदाचित लांबेल. अब्बांना सांगावं लागेल, ते सगळ्यात अवघड. बाकी? बाकी काही होणार नाही. सगळे म्हणतील, अहो मॅडम, सहा वर्षं झाली, जाऊ द्या. आणि इथं तिचा हात कीबोर्डवर थांबला, कारण तिला दिसलं की तेव्हाही हेच झालं असतं. त्या मीटिंगमध्ये तिनं 'मी' म्हटलं असतं तर दौलतराव दोन मिनिटं ओरडले असते, मग म्हणाले असते, नवीन आहे पोरगी, करा दुरुस्त, आणि चहा मागवला असता. तिची चूक एका चहात माफ झाली असती. ज्योतीरामची नोकरी गेली ती तिची नोकरी वाचावी म्हणून नव्हे. तिची दोन मिनिटांची बोलणी वाचावीत म्हणून. एवढ्यासाठी! तिला स्वतःचा इतका संताप आला की कान गरम झाले.

सव्वापाचला शेखर आला, पाठीला सॅक, हातात उघडा लॅपटॉप. खाली बसेस लागत होत्या, नाशिक फाट्याकडं जाणारी तिची, हिंजवडीकडची त्याची.

"बोला मॅडम, काय नाव देऊ?"

"माझं दे," ती म्हणाली.

शेखरनं तिच्याकडं बघितलं आणि तो खळखळून हसला. "काय मॅडम तुम्हीपण! तुमच्यापण नावाचा ज्योतीराम करायचाय का?"

तो हसत होता, मोकळेपणानं, त्याच्या मनात काही नव्हतं. इथं तिनं नुसतं हसायचं होतं. एवढंच. रोजच्या सवयीनं गालही जरा हलले—आणि पुढं काही झालं नाही. हसू आलं नाही. एकदा सांगून भागत नाही, हे तिच्या हिशेबात कुठंच नव्हतं. पहिल्यांदा सांगितलेलं हसण्यावारी जातं, आणि खरं सांगणं त्यानंतर, दुसऱ्यांदा असतं. ती त्याचं हसणं संपायची वाट बघत उभी राहिली. भीती होतीच, सहा वर्षांची जुनी, ओळखीची. पण आज ती, चूक आपली होती हे याला कळेल, याची नव्हती. हा असाच हसत हसत लॅपटॉप मिटून बसकडं निघून गेला तर, याची होती.