सुमारे पन्नास

चष्मेवालीने ताणकाट्याचा हूक ट्रॉलीच्या कडीत अडकवला, श्वास रोखला आणि ट्रॉली टेबलावरून हळूहळू ओढली. तिच्या जोडीदारणीने काट्यावर वाकून आकडा वाचला.

"तीनाच्याही जरा खाली."

"खाली कसं? सरांनी फळ्यावर सात लिहिलंय."

"मग ओढ परत."

तिने परत ओढली. तिसऱ्यांदाही ओढली. आकडा काही ऐकेना. शेवटी तिने हात वर केला, आणि बाकीच्या टेबलांवरच्या मुलींना तिची कीव आली. या सरांच्या तासाला भलताच आकडा सांगायचा म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

सरांना सगळी शाळा दशांशसर म्हणायची. उत्तर बरोबर पण एकक विसरलं, तर गुण अर्धे. दशांशचिन्ह घसरलं, तर भोपळा. 'सुमारे' आणि 'साधारण' हे शब्द त्यांच्या वर्गात शिवीच्या बरोबरीचे होते. "सुमारे मीठ घालायचं असतं, भाजीत. इथे मोजायचं," हे त्यांचं वाक्य बावीस वर्षांत एका अक्षराने बदललं नव्हतं.

पण आठ महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला, आणि तेव्हापासून शाळेत यायचे ते सरांचे कपडे, सरांची पिशवी आणि सरांचा आवाज. बाकी माणूस कुठे होता कुणास ठाऊक. मध्यंतरी प्रकाशाचं प्रकरण चालू होतं, तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरांनी आरशाचा कवडसा आधी छतावर नाचवला, मग फळ्यावर, मग थेट सरांच्या तोंडावर आणून धरला. एरवी अशा पोराची धडगत नव्हती. सर डोळेसुद्धा न मिटता आपतन कोन समजावत राहिले. पोरांनी मुकाट्याने आरसे खाली ठेवले, आणि त्यानंतर त्या वर्गात कुणी चावटपणा केला नाही.

"पुन्हा ओढा," सर आत्ताही खिडकीबाहेर बघतच म्हणाले.

"तीनदा ओढली, सर."

मग ते आले. चष्मेवालीच्या हातातून काटा घेऊन त्यांनी स्वतः ट्रॉली ओढली. दोन पूर्णांक आठ.

या ट्रॉलीचा इतिहास सांगायला हवा. गट चार आणि घर्षणाचे लाकडी ठोकळे तीन, असा त्या प्रयोगशाळेचा कारभार होता. चौथ्या गटाला ही जुनी ट्रॉली मिळायची. तिची रबरी धावांची चारही चाकं गंजून जाम झालेली, त्यामुळे ती ठोकळ्यासारखीच घासत जायची आणि दर वर्षी इमानेइतबारे सातचा आकडा दाखवायची. म्हणून सरांनी तिला मुद्दामच कधी दुरुस्तीला पाठवलं नव्हतं.

"मामा," सरांनी हाक मारली.

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस. सरांहून चार वर्षांनी मोठे, निवृत्तीला टेकलेले. ते कपाटाआडून हात पुसत आले आणि ट्रॉलीकडे बघूनच त्यांना काय ते उमगलं.

"तेल घातलं होतं सकाळी," ते म्हणाले. "म्हटलं, जाता जाता एक तरी वस्तू धड करून जावी. पुढची दोन चाकं सुटली. मागची दोन हटून बसलीत. तेल माझं गेलं, आता बोलणीही मलाच."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की सकाळी. तुम्ही 'बरं' म्हणालात." मामांनी हात पुन्हा पुसले. "तुम्ही हल्ली सगळ्यालाच 'बरं' म्हणता."

सरांनी पुढचं एक चाक बोटाने फिरवून पाहिलं. चष्मेवालीला मात्र कोडं सुटल्याचा आनंद लपवता येईना.

"म्हणजे सर, मागचीच चाकं घासतायत. पुढची नुसती फिरतायत. मग सगळं वजन कुठे घासलं? अर्धंच घासलं. आणि ओढताना गाडी पुढे दबते, म्हणून अर्ध्याहूनही कमी. म्हणून सातच्या जागी तीन."

सरांचा हात ट्रॉलीवर होता. टेबलाच्या पांढऱ्या पत्र्यावर मागच्या चाकांनी दोन बारीक काळ्या रेघा उमटवल्या होत्या. सरांनी त्यातल्या एकीवरून बोट फिरवलं.

"रेघ तेवढीच," ते म्हणाले.

"काय सर?"

"काही नाही. बरोबर आहे तुझं. वहीत लिही."

तास संपायला वीस मिनिटं होती. तेवढा वेळ ते त्या टेबलाशी नुसते उभे राहिले, आणि मामांनी परस्परच मुलींच्या वह्या गोळा केल्या.

आठ महिन्यांपूर्वीची तीही रेघच होती. चाळीस मीटरची, सरळ रस्त्यावर, गावाबाहेरच्या नाल्याच्या पुलाअलीकडे. समोर काय आडवं आलं ते कुणी पाहिलं नाही. मोटरसायकल चाक घासत गेली, रेघेच्या शेवटाला जवळजवळ थांबली आणि आडवी झाली. एखाद-दुसरा ओरखडा सोडला तर तिला काही झालं नव्हतं. पोराची मान तेवढी कडेच्या दगडावर पडली.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना सर शाळेतली टेप घेऊन तिथे गेले होते. लोकांना वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं, एवढंच. त्यांनी रेघ मोजली, पुस्तकाच्या मागच्या तक्त्यातून रबर आणि कोरडा डांबरी रस्ता यांच्यातल्या घर्षणाचा आकडा घेतला, शून्य दशांश सात, आणि गणित केलं. वेग आला ताशी चौऱ्याऐंशी. त्या रस्त्याला पन्नासची पाटी होती.

"चौऱ्याऐंशी," त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. "घाई करत होता."

ते असं म्हणाले आणि स्वयंपाकघरात बायकोच्या हातून पातेलं खाली पडलं. अपघाताच्या वीस मिनिटं आधी तिनेच पोराला फोन केला होता. कुठे आहेस, लवकर ये. निघालो, असं तो म्हणाला होता.

सरांना हे ठाऊक होतं. तिच्या मनात दोन आणि दोन कसे चार झाले, तेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पण आकडा तो आकडा. सरांनी एकदा काढलेलं उत्तर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, ते बायकोच्या समजुतीसाठी कसं बदलणार? तिने फोन कपाटात टाकला तो टाकला. पूर्वी सर सकाळी निघाले की ती दारातून "लवकर या" म्हणायची, जसं कुठल्याही घरात म्हणतात तसं. त्या दिवसापासून ती "सावकाश या" म्हणू लागली. सरांनी त्यालाही "बरं" म्हटलं.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर गणित पुन्हा मांडलं. सूत्र तेच होतं. फक्त ते सूत्र ठोकळ्याचं होतं, सगळं अंग जमिनीला टेकून घासत जाणाऱ्या वस्तूचं. मोटरसायकलला चाकं दोन असतात, आणि एकच जाम झालं तर दुसरं फिरत राहतं. शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट. त्यांनी आपल्या पोराला ठोकळा म्हणून धरलं होतं.

घासणारं वजन अर्ध्याहून कमी. किती कमी, ते इथे बसून सांगता येणार नव्हतं. त्यांनी खालचा आकडा धरून पाहिला, वरचा धरून पाहिला. मग लिहिलं, 'सुमारे पन्नास', आणि त्या पहिल्या शब्दाकडे बघत बसले. पुढ्यातल्या चहावर साय धरली.

हे सगळं मागचंच चाक जाम झालं होतं असं धरून होतं. ते खरं की नाही, हे सांगणारी वस्तू त्यांच्या घराच्या परसात आठ महिने ताडपत्रीखाली उभी होती.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली आणि सरळ परसात जाऊन ताडपत्री ओढली. धुळीने ठसका लागला. मोटरसायकल नवीकोरी होती, अपघाताच्या वेळी घेऊन दोन महिनेच झालेले. त्यांनी उकिडवं बसून मागचं चाक हाताने थोडं थोडं फिरवलं, आणि एका जागी बोटं थांबली. टायर तिथे तळहाताएवढं घासून सपाट झालं होतं. पुढचं चाक त्यांनी दोनदा पूर्ण फिरवून पाहिलं. कुठे काही नव्हतं. नव्या टायरला असतात तसे रबराचे बारीक केस अजून त्याच्यावर उभे होते.

"काय करताय?"

बायको मागच्या दारात उभी होती. तिचे हात ओले होते.

"ये इकडे."

"मला नाही बघवत ते."

"नको बघूस. नुसतं बोट लाव. इथे, पुढच्या टायरला."

ती आली. तोंड दुसरीकडे करून तिने बोट लावलं.

"केस लागतायत हाताला," ती म्हणाली.

"हो. आणि मागचं टायर एका जागी सपाट झालंय. म्हणजे मागचंच चाक घासलं. पुढचं फिरत होतं."

"मग?"

"मग माझं गणित चुकलं."

सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं. तिने पदराला हात पुसले.

"किती मग?"

"सुमारे पन्नास."

"सुमारे?"

"हो, सुमारे. त्याहून नेमकं सांगता येत नाही. पण चौऱ्याऐंशी नाही. तो घाई करत नव्हता. तू लवकर ये म्हणालीस म्हणून त्याने गाडी दामटली नाही. रोजच्यासारखाच येत होता."

ती पायरीवर त्यांच्या पिशवीशेजारी बसली. रडेल असं सरांना वाटलं, पण ती रडली नाही.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने मी त्या कपाटासमोरून जाताना मान खाली घालून जातेय. तुम्हाला एकदा येऊन चाकं बघावीशी वाटली नाहीत?"

"नाही."

"दहा पावलांवर उभी होती गाडी."

"हो."

शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला. भांडं भरून वाहू लागलं तरी तो बंद होईना. 

"पण मग पन्नासनेच येत होता, तर एवढा लांब का घसरला?" तिने विचारलं.

सरांकडे उत्तर दुपारपासून होतं. त्याच कागदाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी तेही गणित केलं होतं. आत्ता त्यांनी रस्ता गुळगुळीत होता म्हटलं असतं, वाळू सांडली होती म्हटलं असतं, तरी चालण्यासारखं होतं. ती विश्वास ठेवायला तयारच बसली होती.

"त्याने पुढचा ब्रेक दाबला नाही," ते म्हणाले. "नुसता पायाचा दाबला. दोन्ही दाबले असते तर पंधरा मीटरच्या आत थांबला असता."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी मैदानावर सर पोराला त्यांच्या जुन्या मोटरसायकलवर शिकवत होते, तेव्हा ती तिथेच होती. पोराने घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, उलटला आणि हनुवटी फोडून घेतली. कापूस तिनेच धरला होता. सर तावातावाने म्हणाले होते, पुढच्याला हात लावायचा नाही, पायाचाच ब्रेक, कळलं? कळलं, असं पोरगा म्हणाला होता. आणि त्याला एकदा कळलं म्हणजे कळलं, तो परत सांगायला लावायचा नाही. सरांना त्याचं कोण कौतुक होतं.

ती पायरीला हात टेकून उठली, ताडपत्रीचं एक टोक उचललं आणि दुसरं टोक त्यांनी उचलण्याची वाट बघत उभी राहिली. दोघांनी मिळून गाडी झाकली.

जेवताना सरांना भाजी अळणी लागली. आठ महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच कशाची तरी चव कळली होती. त्यांनी मीठ मागितलं नाही. समोर तीही तसंच जेवत होती.

सकाळी त्यांनी पिशवी घेतली, बूट घातले, नाडी बांधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. ती रोजच्यासारखी दारात येऊन उभी राहिली, पण आज तिच्या तोंडून काही निघेना. ते खाली बघत फाटकापर्यंत गेले.

"अहो."

ते वळले. तिने चौकटीला हात धरला होता.

"लवकर या," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग फाटकाची कडी लावून ते शाळेच्या वाटेला लागले.