दहा फरशांचे कर्ण

“अठरा आणि आठ किती? सव्वीस! मग रूट सव्वीस लिही आणि दुप्पट कर!” म्हणत बापाने पोरीच्या कानाखाली जाळ काढला. “जन्म गेला माझा खिडक्यांच्या चौकटी कापण्यात. मला आयताची परिमिती शिकवतेस?”

“बाबा, रूटमधले आकडे असे मिळवत नाहीत,” पोर गाल धरून म्हणाली. “आयताची एक बाजू रूट अठरा, म्हणजे तीन रूट दोन. दुसरी रूट आठ, म्हणजे दोन रूट दोन. परिमिती दहा रूट दोनच येते.”

दुसरी बसली. ओठ फुटला.

आई लोकांचे कपडे इस्त्री करत होती. गप्प बस गं बाई, ती मनात म्हणत होती. तिचा स्वतःचा हिशेब साधा होता: चूक झाली की मार. मीठ कमी पडलं, उशीर झाला, बटण तुटलं. चुकायचं नाही, म्हणजे झालं. एवढ्या भरवशावर तिने संसार रेटला होता.

पोरीने खडू घेतला. घरातली फरशी फूटभर चौरसांची. तिने तीन फरशा तिरप्या कापत रेघ ओढली, वळून दोन, पुन्हा तीन, पुन्हा दोन. तिरपा आयत तयार झाला.

“एका फरशीचा कर्ण म्हणजे रूट दोन. मोजा.”

बापाने टेप काढला. चारी बाजू मिळून चौदा फुटांच्या वर भरल्या. त्याच्या उत्तराने, रूट सव्वीसच्या दुपटीने, त्या दहाच्या जरा वरच भरायला हव्या होत्या. त्याने पुन्हा मोजलं.

सुटली बाई पोर, असं वाटून आईने श्वास सोडला.

तेवढ्यात त्याने पोरीचे केस धरले. “बापाला खोटं पाडतेस?” आणि तिचं डोकं त्याच फरशीवर आपटलं. एकदा. दोनदा. खडूच्या रेघेवर रक्त सांडलं.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, पोरीचं तर बरोबर होतं! मग माझं तरी कधी काय चुकलं होतं रे मेल्या?

तिने तापलेली इस्त्री केसांवरच्या त्या हातावर टेकवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. तो गुरासारखा ओरडला. मूठ सुटली तशी तिने पोरीला ओढून मागे घेतलं.

किंकाळीने शेजारीण धावत आली. दारातच थबकली. “अगं बाई! काय झालं? पडलात का कुणी?”

“नाही,” पोरीच्या कपाळावर कुणाचासा कडक इस्त्रीचा शर्ट दाबून धरत आई म्हणाली, “कुणी पडलेलं नाही. ह्याने पोरीला मारलं, आणि ह्याला मी भाजलं. बाजूला व्हा ताई, दवाखान्यात जायचंय.”