झोळीचं वजन

मित्रांनो, मी एक जुना टांगता काटा आहे. घड्याळासारखा गोल चेहरा, वर मला टांगायला एक आकडा, खाली ओझं अडकवायला दुसरा, आणि पोटात एक स्प्रिंग. त्या स्प्रिंगवर माझी सारी अब्रू. मंगरूळपीरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात व्यवसाय शिक्षणाचे तीन वर्ग एका ओळीत आहेत. त्यांच्या व्हरांड्यातल्या लोखंडी कडीला मी बावीस वर्षं लटकतो आहे. माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायचा नाही. मी थोडा गंजका आहे, पण त्याहून जास्त जळका आहे.

जन्मतः असा नव्हतो. कारखान्यात मला पाच किलो, दहा किलो, वीस किलोची वजनं अडकवून पाहिलं, आणि मी तिन्ही वेळा खरं बोललो म्हणून माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान. खोक्यातून मी बाहेर आलो, तेव्हा आरोग्याच्या वर्गाच्या साधना मॅडम नव्यानंच नोकरीला लागल्या होत्या. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून मला टांगलं, खाली पातळ सुती झोळी अडकवली आणि मुलींना म्हणाल्या, "वजन चुकलं तर औषध चुकते, ध्यानात ठेवा."

मी तिन्ही वर्गांचा. आरोग्यवाल्या मुली माझ्या झोळीत आधी कापडी बाहुली घालत, मग खरी बाळं. तंत्राच्या वर्गातले जगदेव सर वर्षातून एकदा मला टेबलावर निजवून पाठीचं झाकण उघडत आणि पोरांना माझी स्प्रिंग दाखवत. "मोजणाऱ्याले आधी मोजा रे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाणिज्याची पोरं तुरीच्या डाळीची पाकिटं तोलून दुकानदारी शिकत. तिघांच्या मध्ये मी एकटा. वर्षागणिक माझा मान वाढत गेला, आणि मानासोबत मीही फुगत गेलो.

मग ती आली.

पांढरी शुभ्र, ताटासारखी चपटी, कडेला हिरवे आकडे. बाळाला नुसतं निजवायचं की आकडा हजर. रडणाऱ्या लेकराला झोळीत कोंबायला नको, मान वर करून काटा वाचायला नको. मुली तिला 'ताटली' म्हणत आणि मऊ फडक्यानं पुसत. मऊ फडक्यानं! माझ्या काचेवरची धूळ शेवटची कोणी पुसली ते मला आठवत नाही, बहुतेक वाऱ्यानं. साधना मॅडमही तिच्याकडे बघून हसत. मी कडीवरून बघत असे आणि मनात म्हणत असे, पड एकदा, फूट एकदा, निदान तुझी बॅटरी तरी संपो.

मला काम उरलं ते वाणिज्याच्या पोरांच्या बाजारदिवसाचं. तिथे कोणीतरी माझ्या झोळीत कांदे भरले आणि माझी बावीस वर्षांची पातळ झोळी फाटली. पोरांनी जाड किंतानाची नवी शिवली, तिला चार लोखंडी कड्या लावल्या. मजबूत झाली, यात वाद नाही. पण ती जुनीपेक्षा बरोबर अर्धा किलो जड होती. रिकामी झोळी अडकवली तरी माझा काटा शून्यावरून सरकून अर्ध्या किलोवर जाऊन बसायचा. माझ्या पाठीवर एक छोटा स्क्रू आहे. तो फिरवला की काटा परत शून्यावर येतो. वाणिज्याच्या पोरांना वाटलं, स्क्रू तंत्रवाले फिरवतील. तंत्रवाल्यांना झोळी बदलली हेच माहीत नव्हतं. आणि आरोग्यवाल्या मुली तर ताटलीत रमलेल्या. मला मात्र माहीत होतं.

हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

हिवाळ्यात एका सकाळी आरोग्याचा वर्ग इंझोरीला बाळांची वजनं घ्यायला निघाला. ताटली मांडीवर, फडक्यात गुंडाळलेली. मला पिशवीत कोंबलं. "असू दे, बॅटरी संपली तर," असं म्हणत. मी म्हणजे पिशवीतली छत्री. एसटीच्या प्रत्येक खड्ड्यात मी तिला शिव्या दिल्या.

गावातल्या अंगणवाडीत बायका लेकरं घेऊन जमल्या होत्या. अंगणवाडीच्या रत्नमालाताई आणि साधना मॅडम आतल्या खोलीत कार्डं लिहीत बसल्या. बाहेर वजनाला यूसरा होती. ही बारावीची मुलगी. तिचे अब्बा सैफुद्दीन यांचं मंगरूळपीरला किराणा दुकान. बारीक आवाजाची, पण नजर पक्की.

यूसरानं ताटली फरशीवर ठेवली, तशी एक आजी पुढे आली. गोमतीबाई. तिच्यामागे तिची सून पंचफुला, काखेत दहा महिन्यांची मुलगी. गोमतीबाई म्हणाली, "वा गं वा! लेकराची मशीन खाली भुईवर? आमच्या घरी पाहुण्याले तरी असं बसवत नाहीत." आणि तिनं घरून आणलेली गोधडी चौपदरी घडी करून ताटलीखाली सारली. इतक्या प्रेमानं, की यूसरालाही नाही म्हणवलं नाही.

मऊ गोधडीवर ताटली कशी उभी राहणार? ती एका अंगाला कलली. बाळ निजवलं तर आकडा पाच-सातशे, मग सहा-तीनशे, मग पुन्हा खाली. बायका हसायला लागल्या.

"हे काय बोलून राह्यली तुयी मशीन?" गोमतीबाई म्हणाली. "एका लेकराचे तीन वजन! मागच्या महिन्यात आमची पोरगी सहा किलो सहाशे होती. कार्डावर लिहेल आहे. तो जुना काटा आहे ना पिशवीत? तो काढ. त्याच्यावर जग चालते."

मित्रांनो, त्या क्षणी माझी स्प्रिंग थरथरली. व्हरांड्यासमोरच्या कडुनिंबाच्या फांदीला मला टांगलं. किंतानाची झोळी अडकवली. सगळ्यांच्या माना वर झाल्या, माझ्याकडे. पंचफुलानं लेक झोळीत ठेवली. पायात चांदीचे वाळे, कमरेला जाड करदोटा, गळ्यात ताईत, अंगावर दोन झबली आणि वर टोपरं.

मी दाखवलं सहा किलो सहाशे. बरोब्बर कार्डावर होतं तेवढंच.

"पाह्य!" गोमतीबाईनं टाळी वाजवली. "तोच खरा! न घटली न वाढली. मी म्हणतच होती, पोरीले काही झालं नाही. सूनबाईच उगी घोर लावून राह्यली."

"पण आत्याबाई, ते दूध पीत नाही ना आठ दिवसांपासून," पंचफुला हळू आवाजात म्हणाली. "अंग हलकं लागते हातात."

"तुया हाताले काय काटा बसवला आहे काय? आणि आता वजन मोठ्यानं सांगू नका कोणी. नजर लागते लेकराले."

मी सगळं ऐकत होतो. माझ्या आकड्यातला अर्धा किलो झोळीचा होता, हे मला ठाऊक होतं. म्हणजे पोरगी घटली होती, चांगलीच घटली होती, आणि आईचा हात माझ्यापेक्षा खरा होता. तुम्ही म्हणाल, काट्याला कुठे बोलता येतं? नाही येत. पण खरं सांगतो, बोलता आलं असतं तरी त्या वेळी मी बोललो नसतो. ताटली खाली गोधडीवर वाकडी होऊन पडली होती आणि मी वर फांदीला झुलत होतो. ते सुख मला सोडवत नव्हतं.

यूसरानं पेन उचललं. कार्डावर टेकवलं. आणि थांबली.

"आजी, लेकरू जरा उचलता काय?"

"काहून? झालं ना आता."

"अब्बा रिकामा तराजू दाखवल्याशिवाय कोणाले पावभर साखर बी तोलून देत नाहीत. आदत आहे आमच्या घरची. एकदा पाहू द्या ना."

पंचफुलानं मुलगी उचलली. झोळी रिकामी झाली. यूसरानं मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि मी, शिक्क्याचा, बावीस वर्षांचा, रिकाम्या पोटी अर्धा किलो दाखवत लटकत होतो. चोरी पकडल्यावर माणसाला निदान मान खाली घालता येते. माझी तीही सोय नाही.

"हाय अल्ला," ती पुटपुटली. "याच्या मनातच अर्धा किलो आहे."

तिनं माझ्या पाठीचा स्क्रू फिरवला. काटा शून्यावर आला. मग अंगणवाडीच्या कोठीतून मिठाचं एक किलोचं बंद पाकीट आणलं आणि माझ्या झोळीत ठेवलं. मी म्हणालो, एक किलो. तेच पाकीट तिनं गोधडीवरच्या ताटलीवर ठेवलं, आकडा नाचला. मग तिनं गोधडी हळूच काढली, तिची नीट घडी केली आणि गोमतीबाईच्या हातात दिली. "आजी, ही पोरीले पांघरा. मशीनले भुईच बरी." कडक फरशीवर ताटली म्हणाली, एक किलो.

पहिल्यांदाच आम्ही दोघं एकच बोललो.

"आता वाळे, करदोटा, झबली काढू," यूसरा म्हणाली.

गोमतीबाईचा चेहरा उतरला. "करदोटा निघते. पण हा मनगटातला काळा दोरा नाही निघत, सांगून ठेवतो."

"दोरा राहू द्या. दोऱ्याचं वजन नाही होत, आजी."

मुलीला उघडं करून आधी माझ्या झोळीत ठेवलं, मग ताटलीवर. पाच किलो नऊशे. दोघांचंही पाच किलो नऊशे. महिन्यात सातशे ग्रॅम उतरले होते. यूसरा धावत आत गेली. साधना मॅडम बाहेर आल्या, कार्ड बघितलं, मुलीचे दंड चाचपले आणि खाली बसल्या.

"पंचफुला, आजच वाशिमला न्यावं लागते. तिथे लेकरांसाठी वेगळा वार्ड आहे. पंधरा दिवस राहा लागन."

"पंधरा दिवस?" गोमतीबाई उसळली. "तूर कापणीले आली, घरचं कोण पाहीन? आणि मगाशी तर सहा-सहाशे होते!" तिनं माझ्याकडे बोट केलं. "यानंच सांगतलं."

मित्रांनो, एवढी लाज मला पुन्हा कधी वाटायची नाही. माझ्या खोट्याला ती म्हातारी साक्ष म्हणून धरून बसली होती.

 पंचफुलानं वाळे पदराच्या टोकाला बांधले, गोधडी सासूच्या हातातून घेतली, लेकीला गुंडाळलं. "आत्याबाई, तूर उभी राह्यते चार दिवस," ती म्हणाली. "हे नाही राह्यत." आणि दुपारच्या गाडीनं गेली. गोमतीबाई फाट्यापर्यंत बडबडत सोबत गेली, आणि बडबडतच गाडीतही चढली.

नजर लागते म्हणून म्हातारी भीत होती. त्या दिवशी नजर लागली होती खरी. ती माझी होती.

परत आल्यावर जगदेव सरांनी मला टेबलावर निजवलं आणि तिन्ही वर्गांतल्या पोरांना एकत्र उभं केलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "झोळी एकानं शिवली, काटा दुसऱ्यानं टांगला, वजन तिसऱ्यानं घेतलं. शून्य कोणाचं होतं?"  तेव्हापासून माझ्याशेजारी एक खिळा ठोकला आहे आणि त्याला मिठाचं एक पाकीट लटकतं. कोणत्याही वर्गाचं पोर असो, आधी रिकामी झोळी बघतं, मग पाकीट तोलतं, मग काम. ताटलीलाही तोच नियम. तिला अजून मऊ फडकंच मिळतं; मला जुन्या बनियनचा तुकडा. अजून जळतो मी. पण शून्यावर राहून जळतो.

पुढच्या महिन्यात वर्ग पुन्हा इंझोरीला गेला. पंचफुलानं मुलीला झोळीत ठेवलं, तर पोरीनं दोन्ही हातांनी झोळीची लोखंडी कडी पकडली आणि सोडेना. हातात जोर आला होता. यूसरानं आकडा वाचला आणि सांगायला तोंड उघडलं.

"मोठ्यानं नको वो," गोमतीबाई पुढे सरकली आणि पदर मागे करून कान पुढे केला. "मले कानात सांग."

यूसरानं कानात सांगितलं.  म्हातारीनं पदरानं माझी काच पुसली.

तेव्हा मित्रांनो, तुम्ही उद्या दवाखान्यात काम कराल, कोणी दुकान टाकाल, कोणी मशीन दुरुस्त कराल. ज्यानं मोजता, त्याला आधी रिकामं करून एकदा बघा. माझ्यासारखी जुनी हत्यारं असली, तर त्यांची धूळ पुसा, स्क्रू फिरवा, त्यांना मीठ तोलायला द्या. आम्ही खोटं मुद्दाम बोलत नाही. पण कोणी बघितलंच नाही, तर खरं बोलायचं विसरतो.