मनोरीचा काळा गोटा

रिटायर झाल्यावर जयवंतरावांनी फॉसिल शोधायचं खूळ घेतलं आणि त्यांच्या चिरंजीवांना, हर्षदला, बापाची खेचायला आयतंच निमित्त मिळालं. या शहाण्याने आईच्या देवघरातला शाळिग्राम पळवला आणि फॉसिल शोधणाऱ्यांचा ग्रुप मनोरीच्या किनाऱ्यावर गेला तेव्हा सोबत जाऊन बापाच्या वाटेत वाळूत टाकला. बाप ओळखणार नव्हताच. देवघराकडे त्यांनी जन्मात ढुंकून पाहिलं नव्हतं. ग्रुपचा म्होरक्या सिद्धेश या गमतीत सामील होता.

आई, रुक्मिणी, कपाटांखाली झाडू घालून देव शोधत राहिली. "तुझ्याच हातून निर्माल्यात गेला असेल. वय झालंय तुझं," हर्षदने तिला बजावलं होतं. बिचारीला ते पटलंही.

रविवारी ग्रुप जयवंतरावांच्या नाहूरच्या घरी जमला. त्यांनी मनोरीहून आणलेला झिजलेला गोटा टेबलावर ठेवला. गुळगुळीत, काळा, एका बाजूला बारीक भोक.

"समुद्रातला जीव आहे. आत शंखासारख्या वळ्या असणार."

"काका, मुंबईत सगळा लाव्हाचा दगड," सिद्धेश हसू दाबत म्हणाला. "इथे असला जीव कुठून येणार?"

सगळे फिदीफिदी हसले. जयवंतरावांचं तोंड एवढंसं झालं. उभ्या नोकरीत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आता या पोरांनीही तेच करावं? ते उठून हातोडी घेऊन आले.

चहा घेऊन आलेली रुक्मिणी दारातच थबकली. "अहो, हा आपला शाळिग्राम. ही बाजू बघा. सासूबाईंच्या आणि माझ्या अंगठ्याने झिजलीय."

"तुला प्रत्येक गोट्यात देव दिसतो. मनोरीला सापडलाय मला."

ती हर्षदकडे वळली. "तू तरी सांग रे. लहानपणी तूच आंघोळ घालायचास ना त्याला?"

हर्षदने सिद्धेशकडे पाहिलं. खरं बोललं तर बापाची शोभा होणार आणि आपली त्याहून जास्त. सिद्धेश मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"आई, तुला हल्ली काही आठवत नाही," तो म्हणाला.

हातोडी बसली. गोट्याचे दोन तुकडे झाले आणि आत वळीला लागून वळी, सोनेरी, कुठेही न झिजलेली. पोरांचं हसू थांबलं.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" जयवंतरावांचे डोळे भरून आले. इतके खूश ते हर्षदच्या लग्नातही नव्हते.

रुक्मिणीने ट्रे ठेवला आणि सगळ्यांना चहा दिला. मग मुलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "उद्या मला डॉक्टरकडे ने रे. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"नेतो," हर्षद म्हणाला.