तीळभर टोकाचं वळण

चिमटा सटकला. तिळाच्या अर्ध्याएवढा, मधाच्या रंगाचा कण टुणकन उडाला आणि कुठे गेला ते त्या घडवणाऱ्यालाच ठाऊक.

ती किड्यांच्या संग्रहालयात बावीस वर्षं भुंगेरे ओळखायचं काम करत होती. उडालेला कण म्हणजे एका नर भुंगेऱ्याचं जननांग. ऐकून हसू येईल, पण बाहेरून जुळे दिसणारे दोन भुंगेरे एकाच जातीचे की वेगळे, हे त्या जगात एवढ्याशा अंगावरून ठरतं. टोक डावीकडे वळलेलं असेल तर हा जुनाच, सगळीकडे आढळणारा. उजवीकडे असेल तर नवा. याला पंख नव्हते. म्हणजे नवा निघाला, तर त्या एका टेकडीवाचून त्याला साऱ्या पृथ्वीवर घर नव्हतं.

ती टेकडी दादाची. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, तिथल्या जंगलाचा पहारेकरी. ओला पाचोळा चाळून हा एकुलता एक भुंगेरा त्यानेच धाडला होता. आता टेकडीवर खडीची खाण होणार होती, कुंपण पडलं होतं, दादालाही आत मज्जाव. सोमवारी त्यावर सुनावणी. टोक सोडून बाकी वर्णन लिहून झालं होतं, जाणकारांनी पसंतही केलं होतं. फक्त त्या टोकाचं चित्र शुक्रवारपर्यंत शास्त्रीय मासिकाच्या संपादकांना धाडायचं होतं. त्यात टोक उजवीकडे असलं की भुंगेरा नवा ठरणार आणि खाणीला स्थगिती मिळणार.

आज बुधवार होता.

ती गुडघ्यांवर बसून फरशी न्याहाळत होती, तेवढ्यात फोन वाजला. खोलीत आवाज नीट येत नसे, म्हणून ती बाहेर गेली.

"चिमे, नाव ठेवलंस का गं त्याला?" दादा. "नावं ठेवायला तर तुला पाळण्यात असल्यापासून येतं!"

"ठेवते रे," ती कसंबसं म्हणाली.

परत आली तर झाडणाऱ्या मावशी दारात, हातात केरसुणी, चेहऱ्यावर समाधान. "काय धूळ हो ताई! सगळा केर काढला बघा. आता जेवून घ्या."

तिने काय हरवलं ते सांगितलं. मावशींनी कपाळावर हात मारला, पण रडत बसल्या नाहीत. केराचा डबा उचलून आणला. पांढरं फडकं पसरलं, दादाने दिलेली चाळणी काढली, आणि जंगलातला पाचोळा चाळावा तसा दोघींनी खोलीचा केर चाळला. पेन्सिलीची सालं, डासाचा पाय, मावशींच्या बांगडीची काच. भिंग लावून एकेक कण पाहिला. तो नव्हता.

"काखेत कळसा नाही ना?" म्हणत मावशींनी तिचा सदराही झटकला. तिथेही नाही.

संध्याकाळी विभागाचे साहेब आले. "काल पाहिलं होतंत ना? मग आठवणीने काढा. उजवीकडे."

"साहेब, मोठ्या सूक्ष्मदर्शकातून उलटं दिसतं. डावीकडचं उजवीकडे. मला टोक डावीकडे आठवतंय. पण ते दिसलं तसं आठवतंय, की मनात उलटवून घेतलेलं, तेच कळत नाही."

"नक्की आठवत नाही ना? मग खोटं कुठे झालं? अंदाज म्हणा."

गुरुवारी दिवसभर ती कागदासमोर होती. उजवीकडे रेघ काढली, खोडली. डावीकडे काढली, खोडली. कागद झिजून भोक पडायला आलं. शेवटी तिने दादाला फोन करून सगळं सांगितलं.

"एक रेघ, चिमे," तो म्हणाला. "तोडायच्या झाडांवर लाल आकडे घातलेत इथे. मी कुंपणाबाहेरून मोजत चाललोय. एक रेघ काढ ना गं!"

"दादा, मला खरंच माहीत नाही."

"जीव जातोय इथे, आणि तू..." फोन बंद झाला.

त्या रात्री तिने हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. कण सापडू दे म्हणावं, की खोटी रेघ काढायचं बळ दे?

शुक्रवारी तिने संपादकांना लिहिलं: अवयव माझ्या हातून हरवला, चित्र देता येत नाही. तासाभरात उत्तर आलं. चित्राशिवाय ही जात नवी मानता येणार नाही.

सोमवारी दादा भुंगेऱ्याचा फोटो घेऊन सुनावणीला उभा राहिला. "नाव काय याचं?" अधिकाऱ्याने विचारलं. "अजून नाही," दादा म्हणाला. मागे कोणीतरी खुदकन हसलं. पंधरा दिवसांत यंत्रं टेकडीवर चढली. दादाचे फोन थांबले. ती करायची, तो उचलत नसे.

तीन महिन्यांनी टेबलावरच्या दिव्याचा गोळा गेला. तो काढताना मावशींनी दिव्याची छत्री उलटी केली आणि तशाच थांबल्या. "ताई, हा डिंक आहे का हो?"

छत्रीच्या आतल्या कडेला एक कण चिकटला होता. वाळू नये म्हणून लावलेल्या चिकट ग्लिसरीननेच त्याला धरून ठेवलं होतं. सगळी फरशी चाळली. वर कोणी पाहिलंच नव्हतं.

तिने तो काचेवर घेऊन मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. डोळ्यांत पाणी दाटलं होतं, दिसेना. "मावशी, तुम्ही बघा. कुठे वळलंय?"

मावशींनी एक डोळा मिटला. "डावीकडे."

"नक्की?"

"अहो, चांगलं आकड्यासारखं. डावीकडेच."

म्हणजे उजवीकडे. साहेब म्हणत होते तेच. ती खोटी रेघ खरी निघाली असती.

तिने दादाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. चौथ्यांदा त्याने उचलला. मागे दगड फुटत होता.

"दादा, सापडलं. उजवीकडे आहे."

तो यंत्रापासून दूर गेला; घरघर मंदावली.

"मी तुला नको नको ते बोललो," तो म्हणाला.

"दादा, तो नवा होता रे. नवाच होता."

"मग नाव ठेव त्याला," दादा म्हणाला. "आता तरी ठेव."

मावशींनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.