माझ्या पोटातला कागद

मी एक बरणी बोलतेय, चिनी मातीची, वीतभर उंचीची. माझ्यात लोणचं असेल असं वाटलं ना? नाही हो. माझ्यात एका मुलाच्या देहाचा तुकडा आहे.

पेकिंगमध्ये सुरीवाला पी राहायचा. गरीब आईबाप पोरांना त्याच्याकडे आणायचे. पी त्यांचं पुरुषपण कापून त्यांना खोजा करायचा, मग ती पोरं राजवाड्यात चाकरीला लागायची. कापलेला भाग चुन्यात घालून बरणीत ठेवत, त्याला सगळे ‘ठेवा’ म्हणत. खोजा मेला की ठेवा त्याच्या शवपेटीत जायचा. नाहीतर अधुऱ्या माणसाला पितर घरात घेत नाहीत आणि यमराजा त्याला पुढच्या जन्मी खेचर करतो.

त्या दिवशी तो नऊ वर्षांचा पोरगा असा किंचाळला की मी बुडापासून हादरले. त्याचा ठेवा माझ्यात आला, सोबत नावाचा कागद: हान शौशी. झाकणावर मेण ओतलं आणि मला फळीवर चढवलं.

खूप वर्षांनी अघटित घडलं. खुद्द बादशहालाच राजवाड्याबाहेर काढलं! खोजे बोचकी घेऊन रस्त्यावर आले. मला वाटलं, आता हान मला न्यायला येईल. आला मेंग दफू, दुसराच एक खोजा! बरण्यांवर बाहेरून चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या कसरीने केव्हाच खाल्ल्या होत्या. पीच्या सुनेने वर बघितलं न बघितलं आणि मला खाली ओढलं.

“हीच तुमची. न्या लवकर, मला घर रिकामं करायचंय.”

अगं बाई, हा माझा माणूस नव्हे! पण बरणीला कोण विचारतं? मेंग मला छातीशी धरून ढसाढसा रडला. हान दोन दिवसांनी पीच्या घरी पोहोचला, तर फळ्या रिकाम्या.

पुढे दोघंही टेकडीवरच्या देवळात राहायला आले, तिथे सगळे म्हातारे खोजेच. मेंगने मला लाल दोरीने तुळईला टांगलं. खाली कोबी चिरताना बाकीचे हानला टोमणे मारायचे.

“हान, गवत खायची सवय कर बाबा आतापासून!”

हानही हसायचा. मग भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्याचा ठेवा त्याच्याच डोक्यावर लटकत होता, आणि मला तोंड नव्हतं.

यंदा मेंगने अंथरूण धरलं आणि हानला जवळ बोलावलं.

“दादा, बरणी उघड. कागद वाच. मला कुठे अक्षर येतं? माझंच आहे ना बघ.”

“आता कशाला? गप पड.”

“खात्री झाली की सुखाने जाईन रे.”

हानने मेण खरवडलं. कागद उलगडला. मी आतल्या आत ओरडत होते, वाच, तुझंच आहे! त्याने वाकून माझ्या पोटात पाहिलं. किती वेळ पाहत होता!

“काय झालं दादा? दुसऱ्याचं आहे?”

“मेंग दफू,” हान म्हणाला. “स्वच्छ लिहिलंय. झोप आता, गाढवा.”

आणि त्याने तो कागद शेगडीत टाकला. मी सुन्न झाले. आयुष्यात सुरी पाहिली, बादशहाची वरात रस्त्यावर आलेली ऐकली, पण असा धक्का मला कधी बसला नव्हता.

मेंग तिसऱ्या दिवशी गेला, अगदी शांतपणे. आज हाननेच मला शवपेटीत मेंगच्या मांडीशी नीट ठेवलं. आता वर खिळे ठोकताहेत. माझं ऐकणारे तुम्हीच उरलात, म्हणून एवढंच मागते. पुढेमागे एखादं खेचर ओझं ओढताना थांबलेलं दिसलं, तर त्याला चाबूक मारू नका हो. त्याचं नाव हान शौशी असेल.