साथ देणार कोण?

आनंदीला एम. ए. करायचं होतं, आणि तेही अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्यावर. तिलक नगरात राहणाऱ्या कॉलेजच्या मॅडमकडून पुस्तकं आणून तिनं अख्खी सुट्टी त्यात घातली. वडील दशरथराव जयपूरला रेल्वेत गार्ड. त्यांना वाटे, पोरीनं रेल्वेची परीक्षा द्यावी आणि चिकटावं.

"त्या लोकांशी आपलं काय घेणंदेणं?"

"बाबा, मतलब... त्यांना गुलामीत लिहा-वाचायचीही बंदी. मग एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. त्यातूनच त्यांची कविता आली."

"बरं! जयंतीच्या कार्यक्रमात असंच काही म्हणून दाखव. लोकांनी साथ दिली तर एम. ए., नाहीतर मुकाट्यानं परीक्षा."

झाली का पंचाईत! पोरीचं मराठी म्हणजे निम्मं हिंदी. तरी बिचारीनं त्या धर्तीवर एक कविता जुळवली. 'कुणी?' असं तिनं विचारायचं, 'आम्ही!' असं लोकांनी म्हणायचं.

चौदा एप्रिलला रेल्वे कॉलनीतला मांडव गच्च भरला. पण आदल्या वर्षी भाषणांत फार गोंगाट झालेला, म्हणून अध्यक्ष भीमराव सुरुवातीलाच माइकवर गरजले, "कार्यक्रम संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही!" आता लाल सिग्नल पडल्यावर रेल्वेवाला हलतो थोडाच?

आनंदीनं साथ कशी द्यायची ते समजावलं आणि आवाज लावला.

"हे रूळ टाकले कुणी?"

सगळे चिडीचूप. माणसं भीमरावांच्या तोंडाकडे बघत बसली.

"ही शहरं बांधली कुणी?"

पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली. संपलं आपलं एम. ए., असं वाटून आनंदीला रडूच फुटायला आलं.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "आम्ही!"

सगळ्यांच्या माना वळल्या. बघतात तर दशरथराव उभे! तरुणपणी मनमाडला जलशात साथीला गायलेला गडी तो. भीमरावांनी डोळे वटारले, पण यांचं लक्ष फक्त लेकीकडे.

"विचार गं पोरी, पुढं विचार!"

मग कसली शिस्त अन् कसलं काय! पुढच्या सवालाला सगळा मांडव दणाणला. शेवटी शेवटी तर भीमरावच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते.

घरी आल्यावर इंदुबाईंनी नवऱ्याला चिडवलं, "स्वतःच पैज लावलीत आणि स्वतःच हरलात की हो!"

"पैज गेली खड्ड्यात," दशरथराव बसलेल्या आवाजात म्हणाले. "लेक हाक मारतेय आणि मी गप्प बसू होय?"